चाळीस टक्के नाहीत, मग दाद कुठे मागू?

"मॅडम, माझ्याकडे चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही. गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी आहे. मग ऑफिसात माझ्यावर अन्याय झाला तर दिव्यांगांचा कायदा मला लागू होतो का?"

हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. नैराश्यातून सावरलेली बँकेतली बाई तो विचारते, हाताला नुकता कंप सुटलेले कारकून विचारतात. सगळ्यांच्या मनात तोच चाळीसचा आकडा पक्का बसलेला असतो. तो किती नुकसान करतो हे एका ताईंच्या निमित्ताने सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पुण्यातल्या एका खासगी कंपनीत बॅक-ऑफिसचं काम करतात. त्यांना बायपोलर, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार आहे. लग्नाआधी एकदा तो उफाळला तेव्हा रुग्णालयात राहावं लागलं होतं. पुढे लिथियमच्या गोळ्या, ठरलेल्या वेळी झोप आणि अधूनमधून रक्ततपासणी या शिस्तीवर त्यांनी अनेक वर्षं चोख नोकरी केली. मग टीमला रोटेशनल शिफ्ट लागली. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. बायपोलरमध्ये झोप मोडणं ही किरकोळ गैरसोय नसते. आजार पुन्हा डोकं वर काढायला तेवढं कारण पुरतं. मानसोपचारतज्ज्ञांनी कायम दिवसपाळी द्यावी अशी चिठ्ठी दिली. एचआरने विचारलं, "यूडीआयडी कार्ड आहे? चाळीस टक्के आहेत?" यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. नाही म्हटल्यावर विषय संपला. त्यानंतर उशिरा येण्याबद्दल मेमो आले आणि अप्रेझलमध्ये शेरा आला, 'सहकार्याची वृत्ती नाही'.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना कायद्याचं काही विचारायचं नव्हतंच. त्या म्हणाल्या, "व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हक्कात मी वाटा कसा मागू? मी तर चालते, बोलते, स्वयंपाक करते." त्याच्या तळाशी दुसरी भीती होती. सासरी आजाराचं माहीत नव्हतं. एकदा कागदावर आलं की तो कागद फिरत फिरत घरी पोहोचेल, असं त्यांना वाटत होतं. आम्ही बराच काळ याच दोन गोष्टींवर बोललो. ज्या माणसाला आपण ढोंगी ठरू असं वाटतं, त्याच्या हातात कायद्याचं कलम ठेवून काही होत नाही.

मी वकील नाही. पण ज्या कायद्याने माझ्या अशिलांचं, म्हणजे माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांचं जगणं ठरतं, तो मी नीट वाचून ठेवला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. त्याच्या दुसऱ्या कलमात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळा घोळ त्या एकच समजल्याने होतो. 'दिव्यांग व्यक्ती' म्हणजे जिला दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आहे आणि वाटेतल्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्ण सहभाग घेता येत नाही. या व्याख्येत टक्केवारी कुठेही नाही. चाळीस टक्के येतात ते 'लक्षणीय दिव्यांगत्व' या दुसऱ्या व्याख्येत. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण त्या व्याख्येवर चालतं. भेदभाव करू नये हे तिसऱ्या कलमातलं बंधन पहिल्या व्याख्येतल्या सगळ्यांसाठी आहे. आणि वाजवी सोय, म्हणजे फार बोजा न पडता कामात करून देता येणारा गरजेचा बदल, नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं कायदाच म्हणतो.

हे माझं मत नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने त्याला लेखनिक मिळण्याचा हक्क आहे असं ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रविंदर कुमार धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या खटल्याचा निकाल आला. ते ओसीडी (मंत्रचळ) आणि नैराश्याशी झुंजत होते आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती. भेदभाव फक्त दिव्यांगत्वामुळेच झाला असं सिद्ध करावं लागत नाही, ते कारणांपैकी एक असलं तरी पुरे, असं न्यायालय म्हणालं. हे ऐकल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो अप्रेझलचा शेराही यात येतो?" येऊ शकतो, मी म्हटलं.

गोळ्यांनी आजार आटोक्यात आहे, हा मुद्दा मात्र जपून हाताळावा लागतो. अमेरिकेतल्या दिव्यांग कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं की औषधाचा परिणाम वगळून आजार बघायचा. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात नुसतं 'प्रकृती स्थिर' लिहून भागत नाही. ही स्थिरता कशावर टिकून आहे आणि पाळी बदलल्यावर काय होतं, ते लिहायला हवं. ताईंचं नवं पत्र तसं झालं. त्यात रुग्णालयातल्या दिवसांचा उल्लेख नव्हता, तो हवाही नव्हता.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, मी फक्त शेजारी बसले. या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला तिसरा नियम त्यात होता. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाला अशा तक्रारीवर एकतर कारवाई करावी लागते, नाहीतर आपली कृती वाजवी उद्दिष्टासाठी आणि प्रमाणात कशी आहे ते लेखी कळवावं लागतं. सोयीचा खर्चही कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. अर्जात त्यांनी कंपनीचं समान संधी धोरणही मागितलं, कारण ते असणं प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. पुढची पायरी म्हणजे पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. तिथली तक्रार साठ दिवसांत निकाली काढायची असते. आयुक्त शिफारस करतात, न्यायालयासारखा हुकूम देत नाहीत, हेही मी ताईंना आधीच सांगितलं. खोटी आशा लावून माणसाला लढायला पाठवणं मला पटत नाही.

तिथवर जावं लागलं नाही. 'कायम' हा शब्द टाळून कंपनीने सहा महिन्यांसाठी दिवसपाळी दिली आहे, नंतर फेरविचार होईल. अप्रेझलचा शेरा अजून तसाच आहे. त्याविरुद्धचा दुसरा अर्ज ताईंनी गेल्या महिन्यात दिला. नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं, सासूबाईंना नाही. प्रमाणपत्र काढायचं का, ते अजून ठरलेलं नाही. त्यासाठीची तपासणी 'आयडियाज' या मानसिक आजारातलं दिव्यांगत्व मोजणाऱ्या मोजपट्टीवर होते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, असे चार भाग त्यात बघतात. काढलं तर काय मिळेल आणि न काढता काय मिळू शकतं, हे दोन्ही आता त्यांना माहीत आहे. पुढच्या भेटीत आम्ही त्यावर बोलणार आहोत.