वाचक विचारतात: यॉर्कमध्ये दोन दिवस

प्रश्न: ताई, मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतेय, तिच्याकडे जाणार आहोत तेव्हा एक वीकेंड यॉर्कला काढायचाय. यांना रेल्वेचं भारी वेड, पण गुडघे दुखतात. काय बघावं?

उत्तर: मग शनिवार अख्खा नॅशनल रेल्वे म्युझियमलाच द्या! स्टेशनपासून चालत पाचदहा मिनिटं, तिकीट नाही आणि सगळं सपाटीवर. तिथे निळंशार मॅलार्ड इंजिन आहे, 1938 साली ताशी 203 किलोमीटर पळालेलं, वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाहीये, आणि जवळच जपानची जुनी बुलेट ट्रेन, तिच्यात चक्क आत चढता येतं.

रविवारी मिन्स्टर कॅथेड्रल, पण सकाळी प्रार्थना असते म्हणून दुपारी जा. तिकीट महाग वाटेल तरी पूर्वेची मोठी काचेची खिडकी चुकवू नका, 1405 ते 1408 मध्ये केलेली. टॉवरच्या पायऱ्या यांना नकोच, शहराच्या जुन्या तटबंदीवरही चढावं लागतं, ती तुम्ही मायलेकी फिरा. शॅम्बल्स गल्लीत मात्र तिघं जा, पूर्वीची खाटीकआळी ती, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून दिसतात.