टिपिफिकेशन आणि स्टिरिओटाइप: बैलबाजारातून एक उत्तर

समाजशास्त्राच्या पेपरात टिपिफिकेशन आलंय, ते म्हणजे स्टिरिओटाइपच ना, असं विचारलंत. नात्यातलं आहे, पण तेच नाही.

पुस्तकी मराठीत त्याला प्ररूपीकरण म्हणतात. मी सरळ 'प्रकार पाडणं' म्हणतो. हा विचार नीट मांडला आल्फ्रेड शुट्झ (१८९९–१९५९) या समाजशास्त्रज्ञानं. गडी व्हिएन्नाचा, पोटापाण्याला बँकेत कामाला. पण समजून घ्यायचं तर आमच्या उदगीरकडं या. बैलबाजारात पुण्याच्या पाहुण्याला नुसते 'पांढरे बैल' दिसतात. दलाल लांबूनच सांगतो: अंगभर पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, अंगावर काळे ठिपके तो शेवरा. तिन्ही देवणी जातीचेच. ज्याचा पैसा अडकलेला, त्याच्याकडं शब्द जास्त. शुट्झचं म्हणणं हेच, की माणूस कामापुरते प्रकार पाडतो. आणि बहुतेक प्रकार आपण स्वतः पाडत नाही, रोजच्या बोलीतून ते आयते मिळतात. पोरगं 'वानेरा' शब्द शिकलं की बैलाकडं कसं बघायचं तेही शिकतं.

माणसांचंही तसंच. एसटीत कंडक्टरचं नावगाव ठाऊक नसताना आपण पाचशेची नोट देतो आणि तो सुट्ट्यावरून कुरकुरणार हेही धरून चालतो. प्रवासी कसा असतो ते त्यालाही पाठ. असे दोन्हीकडून पक्के झालेले प्रकार रुळले की संस्था उभी राहते, असं बर्गर आणि लुकमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलं. 'मावशी, जरा सरका' म्हटलं की तिचा प्रकार ठरला अन् आपलाही: आपण भाचे. मग भाच्यानं खिडकीसाठी भांडायचं नसतं.

आता स्टिरिओटाइप. शब्द छापखान्यातला, एकदा ओतलेला ठसा. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानं १९२२ मध्ये तो माणसांबद्दलच्या साचेबंद समजुतींना लावला. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळं मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात मी पुण्यात खोली शोधत होतो. फोनवर म्हणालो, "खोली बघायला यायलो." एवढ्या 'यायलो'वरून घरमालक म्हणाले, "मराठवाड्याकडचे का? मग पाणी जपून वापरत असाल." मी म्हणालो, आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, दोन बादल्या आंघोळीला लागतात. तर म्हणे, "तुम्ही अपवाद."

फरक इथं आहे. दलाल नुसत्या रंगावर जात नाही, जबडा उघडून दात मोजतो, कारण चुकला तर त्याचेच पैसे बुडतात. घरमालकांचं काही बुडणार नव्हतं, म्हणून त्यांचा प्रकार माझ्यामुळं बदलला नाही, मीच बाजूला काढला गेलो.

पेपरात मावशीचं उदाहरण द्या, दोन ओळींत बसतं. खोली मला मिळाली, भाडं मात्र दुष्काळ बघून काही कमी झालं नाही.