५० सीसी स्कूटरला मोठा कार्बोरेटर टाकला तर पिकअप वाढेल का? किती मिमीचा घेऊ?

इंजिन स्टॉक (कंपनीचं, बदल न केलेलं) असेल तर नुसता मोठा कार्बोरेटर टाकून पिकअप वाढत नाही, उलट खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते, कारण कार्बोरेटरचा बोअर (आतल्या नळीचा व्यास) मोठा झाला की तेच इंजिन ओढत असलेल्या हवेचा वेग कमी होतो आणि जेटमधून (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल नीट उचललं जात नाही. ५० सीसी टू स्ट्रोकला कंपनीचा साधारण १२-१४ मिमीचा असतो, ७० सीसी किट (मोठा सिलेंडर-पिस्टन) आणि परफॉर्मन्स सायलेन्सर लावला असेल तरच १७.५ किंवा १९ चा विचार करा. आणि प्लीज, जेटिंग (योग्य मापाचे जेट बसवणं) केल्याशिवाय पळवू नका, मेन जेट मोठ्यापासून सुरू करून एकेक नंबर खाली या, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) राहिलं तर पिस्टन जाम होतो. स्पार्क प्लगचं टोक तपकिरी हवं, पांढरं दिसलं की थांबा. फोर स्ट्रोक असेल तर हे आकडे धरू नका.