निवृत्तीनंतर पुणं सोडून कोल्हापुरात राहायला यावं का? तिथं दवाखान्यांची सोय कशी आहे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. साठी उलटली, नवराबायको दोघंच, पुण्यातला फ्लॅट विकून कोल्हापुरात यावं का, हा पहिला. त्याचं उत्तर: या, फ्लॅटचं तेवढं शेवटी सांगतो. दुसरा भाग तुमच्या मुलाचा. म्हातारपणी माणसानं मोठ्या हॉस्पिटलजवळच राहावं, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य मी तुमच्या मुलाच्या आधीपासून ऐकत आलोय, माझ्या साडूंच्या तोंडून. त्यामुळं उत्तर लांबणार, निवांत बसून वाचा.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. सागरमाळाच्या बाजूला बैठं घर आहे, दारात शेवगा आणि नारळ, मुलगी बंगळूरला. साडू पुण्यात. त्यांच्या गॅलरीतून एका मोठ्या हॉस्पिटलची पाटी दिसते आणि आल्यागेल्याला ते ती अशी दाखवतात, जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव लागलंय.

गणपती गेले आणि बायकोला ताप भरला. डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून आलेलं. आमचे डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी बसतात. नुसते एम.बी.बी.एस., पाटीवर आणखी एक अक्षर नाही. त्यांनी एनएस-वन नावाची रक्ततपासणी करायला लावली, त्यात डेंग्यू निघाला. पॅरासिटामॉल, पाणी, सरबत, भाताची पेज, एवढंच दिलं. ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी पोटात जाता कामा नये, हे मात्र दोनदा बजावलं. गुडघा दुखला की ही परस्पर मेडिकलमधून गोळी आणून खाते, हे त्यांना माहीत होतं. कुठल्याच फाइलीत ते लिहिलेलं नव्हतं.

मग सुरू झालं ते प्लेटलेटचं. डेंग्यू झालेल्या घरात पेशंटला कोणी विचारत नाही, प्लेटलेटला विचारतात. साडूंचा फोन सकाळ-संध्याकाळ. "किती?" ऐंशी हजार. "किती?" पन्नास. मग तो आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर, त्यापुढं हात जोडलेले. पुण्याहून कुरियरनं किवी आली, जशी काय कोल्हापुरात फळंच मिळत नाहीत. एकजण कसबा बावड्याहून शेळीचं दूध घेऊन आला, दुसऱ्यानं पपईच्या पानांचा भारा आणून टाकला. रस द्यावा का म्हणून डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, रस पिऊन उलटी झाली तर ती रसानं झाली का डेंग्यूनं, हे मला कसं कळायचं? नका देऊ." मला पटलं. भारा परसात टाकला.

तालमीतली पोरं रक्त द्यायला दारात हजर. काका, फक्त गट सांगा, म्हणाली. त्यांनाही डॉक्टरांनी परत पाठवलं. रक्तस्राव सुरू झाला किंवा आकडा १० हजारांच्या खाली गेला, तर प्लेटलेट लावायच्या. नुसता आकडा बघून लावल्या तर फायदा काही नाही, वर अंगावर पुरळ, थंडी-ताप असली रिअ‍ॅक्शन येऊ शकते. आणि त्या आणून घरच्या फ्रीजमध्येही ठेवता येत नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ट्रेवर, त्याही ५ दिवसच. ज्याला खरंच रक्त वाहतंय त्याच्या वाटणीच्या आपण घेऊन बसायचं, याला डॉक्टरांचा साफ नकार होता. हे साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्याकडं सोय नसेल, म्हणून असं सांगतात."

एका संध्याकाळी ताप उतरला. घरात आनंदीआनंद. शेजारच्या वहिनी शिरा घेऊन आल्या. साडूंचा फोन आला, "ताप गेला ना? मग आता प्रवास झेपेल. पहाटे गाडी करा आणि घेऊन या, इकडं सगळ्या तपासण्या एका ठिकाणी होतील." मुलगीही फोनवर म्हणाली, बाबा, एकदा दाखवून आलेलं बरं. गाडीवाल्याशी बोलणं झालंसुद्धा.

रात्री साडेनऊच्या सुमाराला डॉक्टरांची स्कूटर दारात. बोलावलं नव्हतं. दवाखाना बंद करून घरी जाता जाता थांबले होते. मी म्हटलं, डॉक्टर, ताप उतरला. "म्हणूनच आलोय," म्हणाले. हिचे तळहात हातात धरून बघितले, गार. नाडी बघितली. शेवटची लघवी कधी झाली, विचारलं. आठवेना. उजव्या बरगडीखाली दाबलं तशी ही कळवळली. शिऱ्याच्या ताटलीला तिनं बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यांनी बरोबर हेरलं.

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि जवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये खाट सांगितली. डेंग्यूत ताप चढतो तेव्हा नव्हे, उतरतो तेव्हा लक्ष ठेवायचं असतं. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप खाली येतो, आणि त्याच सुमाराला काहींच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत पाझरतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी किंवा गुंगी, गार पडलेले हातपाय, ही त्याची खूण. तेव्हा प्लेटलेटपेक्षा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, जास्त बोलतो. हिचा चढला होता. म्हणजे सगळी घरं ज्या आकड्याच्या मागं लागली होती त्याच्या शेजारच्याच ओळीत खरी गोष्ट लिहिलेली होती.

सलाइन लागलं, तेही मोजून, तासातासाला रक्तदाब आणि लघवी बघून. पुढच्या दीड-दोन दिवसांत पाझर थांबला, तसं त्यांनी सलाइन कमी केलं आणि मग काढूनच टाकलं. यावर पुन्हा पुण्याहून हल्ला. "अशक्त माणसाचं सलाइन काढलं? असं कुठं असतंय?" असतंय. पाझरलेलं पाणी रक्तात परत येतं, वरून सलाइन चालूच ठेवलं तर ते फुप्फुसात साठतं आणि आमच्या वयाच्या काळजाला ते पेलत नाही. हे मी साडूंना समजावून सांगितलं नाही. मला तेव्हा झोप हवी होती. ही बरी झाली, प्लेटलेट आपल्या आपण वर आल्या.

आता हिशेब करा. साडूंचं ऐकलं असतं तर नेमक्या त्या तासांत आम्ही हायवेवर असतो. कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रुंदीकरणाची कामं आणि खंबाटकी धरून पाच तास तरी. साडू म्हणतात, "नशीब म्हणा." मी नशीब म्हणत नाही. आमच्या डॉक्टरांना जे ठाऊक होतं ते पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक असणार, कदाचित जास्तच. पण ते रात्री साडेनऊला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन तळहात बघणार आहेत का? नाही. तुम्ही त्यांच्याकडं जाणार, आणि ताप उतरल्यावर तुम्ही कशाला जाताय? साडूंना स्वतःला मध्यंतरी रात्री चक्कर आली, तेव्हा त्या पाटीखाली खाट मिळेपर्यंत पहाट झाली. मी त्यावर अवाक्षर बोललो नव्हतो. आज बोलतो.

मोठ्या दुखण्याचं म्हणाल तर तिथंही वेळच महत्त्वाची. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत जावं लागतं, हृदयाची बंद नळी जितकी लवकर उघडेल तितकं बरं. ही दोन्ही कामं कोल्हापुरात होतात, आणि इथं कुठूनही कुठंही पोचायला सिग्नल धरून अर्धा तास पुरे. सीपीआर हे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. गर्दी आहे, जिना चढताना नाक धरावं लागेल, तरी साप चावला तर मी दुसरीकडं कुठं जाणार नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाची लस चालते, आणि ती कुठं नक्की मिळेल हे आधी माहीत असावं. मण्यार तर रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. सकाळी पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. मांत्रिक, चिरा, दोरी, काही करायचं नाही. हातपाय न हलवता थेट रुग्णालय.

हे अशासाठी सांगतोय, की तुम्ही "निसर्गाच्या सान्निध्यात" असं लिहिलंय. सकाळी विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारा, मोर दिसतील. कळंब्याच्या तळ्यावर जा, रंकाळ्यावर बसा. केंदाळ नसेल त्या वर्षी फार देखणा दिसतो. एप्रिल-मेमध्ये चार वाजता वळीव येतो आणि तासाभरात अंगण गार. तांबट दिवसभर टुकटुक करतो. दाजीपूरला गवे आहेत, हल्ली तेच शहराच्या वेशीपर्यंत यायला लागलेत. सगळं खरं. पण डास, साप, ओल, पायांच्या बोटांतल्या चिखल्या, कपाटातली बुरशी हेही निसर्गच. शहरात पाऊस बेताचा, मात्र ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो कोसळतो आणि ते पाणी आपल्याकडं येतं. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी फिरू नका, उंदरांच्या मुतानं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. आणि बॅरल. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आली तरी कोल्हापूरकरांच्या घरातून बॅरल काही हलला नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, दिवसा चावतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी बॅरलच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन् महिने जगतात. आठवड्यातून एकदा आतून घासायचा. आमच्याकडं हे काम आता माझं आहे, बायको खुर्ची टाकून देखरेख करते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पूर. मी आयुष्यभर पाणी मोजलंय, त्यामुळं यात भावनेनं बोलत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवे बुडून शहर तुटलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. राधानगरीचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपले आपण उघडतात, त्यांना तुमच्या डायलिसिसची तारीख माहीत नसते. तेव्हा ज्याला आठवड्याला डायलिसिस लागतं, किंवा यकृत बदलण्यासारखं मोठं काही समोर आहे, त्यानं पुणं सोडू नये. इथं साडूंचं बरोबर आहे. एवढ्याच बाबतीत.

घर बघताना दलालाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा इकडं स्वस्त मिळालं तरी नको. आर. के. नगर, पाचगाव, साळोखेनगर, संभाजीनगर ही उंचावरची बाजू बघा. मेडिक्लेम असेल तर कोल्हापुरातल्या कुठल्या रुग्णालयांत कॅशलेस चालतं ती यादी आत्ताच मागवा. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही.

आणि फ्लॅट विकू नका. भाड्यानं द्या, इथं भाड्यानं राहा, एक पावसाळा काढा. तेवढ्यात गल्लीतला डॉक्टर हुडका: दुपारी बाकावर म्हातारी माणसं बसलेली दिसली की तो दवाखाना धरायचा. मुलाला समजावत बसू नका, मुलं नाही ऐकत.

हे उत्तर मेहुणी साडूंना पाठवणारच. तर साडूभाऊ, दिवाळीला इकडंच या. येताना गुडघ्याची फाइल आणा, ऑपरेशनआधी एकदा बघतो म्हणालेत आमचे डॉक्टर. किवी आणू नका.