रुमण्यावरची झीज फोटोत कशी उतरवायची?

छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोठ्यात आजोबांच्या काळचा वखर आणि बंडीचं एक चाक पडून आहे. लाकडाच्या रेघा, चिरा हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात. मोबाइलच्या फोटोत मात्र सगळं सपाट येतं. मोबाइल बदलावा का? (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : मोबाइल राहू द्या, उजेडाची बाजू बदला. लाकडावरची रेघ आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. ऊन तुमच्या पाठीमागून आलं की सावली रेघेच्या मागेच दडते आणि जुनं लाकूड पाटीसारखं गुळगुळीत दिसतं. ऊन बाजूने, पृष्ठभागाला घासून आलं पाहिजे. एक मिलिमीटर वर उठलेल्या रेघेची सावली ४५ अंशांच्या उन्हात एक मिलिमीटर पडते. ऊन १५ अंशांवर उतरलं की तीच सावली जवळजवळ पावणेचार मिलिमीटर होते. सगळा फरक तिथेच पडतो.

जमिनीवर आडव्या पडलेल्या वखरासाठी असं ऊन सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात मिळतं. मेअखेर विदर्भात साडेपाचच्या आसपास उजाडतं, म्हणजे साडेसहाच्या आत काम आटपायचं. उभ्या वस्तूंचं गणित उलटं. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या अक्षांशावर दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. फोटोसाठी ही वेळ वाईट म्हणतात, पण पूर्वेकडे तोंड असलेल्या सागवानी फाटकावर ११ ते पावणेबारा या वेळात ऊन वरून घासत उतरतं आणि खिळ्याची प्रत्येक टोपी सावली टाकते. पश्चिमेच्या फाटकाला हेच साडेबारा ते सव्वा. कवेलूंची वळचण पुढे आलेली असेल तर दार सावलीतच राहील; तिथे हा उपाय चालत नाही. या उन्हात मोबाइल तापून पडदा मंद होतो, म्हणून दोन फोटोंच्या मध्ये तो ओल्या नव्हे, कोरड्या दुपट्ट्याखाली ठेवा.

उजेडाची बाजू आधीच ठरवायची तर रात्री वस्तूभोवती टॉर्च फिरवा. कुठून धरल्यावर रेघा उठतात ते बघा आणि त्या बाजूला ऊन किती वाजता येतं ते नोंदवून ठेवा.

आता वखराचं रुमणं, म्हणजे हातात धरायची दांडी, जवळून बघा. पावसापाण्यात राहिलेल्या सागाचा पृष्ठभाग रुपेरी-राखाडी होतो. उन्हाने लाकडाचे तंतू सांधून ठेवणारं लिग्निन तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, मऊ भाग खचतो आणि कडक रेघा वर राहतात. मुठीची जागा मात्र तपकिरी, गुळगुळीत आणि थोडी बारीक झालेली असते, कारण तिथे उन्हापावसापेक्षा तळव्याने जास्त काम केलंय. राखाडी संपून तपकिरी सुरू होतं ती दोन-तीन बोटांची पट्टी हाच तुमचा फोटो. अख्खा वखर एका चौकटीत कोंबायला गेलात तर ही पट्टी हरवेल. मोबाइल अगदी टेकवू नका. जवळून मुख्य लेन्स आकार ताणते. हातभर मागे या आणि दोनपट झूम घ्या.

प्रश्न : गंजाचा रंग फोटोत संत्र्यासारखा भडक येतो आणि चुलीमागची काळी भिंत राखेसारखी. असं का? (वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी सोय, समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. काजळीची भिंत त्याला अंधार वाटते, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळं राखाडी होतं. पडद्यावर भिंतीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल; मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. कॅमेऱ्यात उणे एक स्टॉप लावा, म्हणजे उजेड निम्मा होतो. चुन्याच्या भिंतीला बरोबर उलट, अधिक एक.

गंजाचा भडकपणा बहुतेक वेळा मोबाइल स्वतःहून रंग चढवतो त्यातून येतो. ‘व्हिव्हिड’सारखे फिल्टर आणि सीन ओळखणारी सोय बंद करा. सावलीत काढत असाल तर निळ्या आभाळाचा उजेड गंजाला जांभळट करतो. प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायची सोय) व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा मेळ, ६५०० ते ७००० केल्व्हिन ठेवा. निळ्या ताडपत्रीखाली किंवा हिरव्या जाळीखाली मात्र कुठलाच आकडा धड काम करत नाही, वस्तू बाहेर आणा.

वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, वखरणी चालू असताना मातीने घासून आरशासारखी होते आणि पाऊस लागला की काही दिवसांतच तांबूस पडते. लखलखीत धार आणि तिच्या मागे गंज, असं एकत्र हवं असेल तर मृगाच्या तोंडावर, अवजार शेतातून परत आलेल्या संध्याकाळीच काढा.

प्रश्न : घरातल्या पाट्या-वरवंट्याचा फोटो हलतो. ट्रायपॉड नाही. पाटा तेल लावून चमकवला तर बरा दिसेल का? (वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : तेल नको, पाणीही नको. ओला दगड काळा पडतो आणि त्यावरच्या चकाकीत टाकीचे घाव दिसेनासे होतात. पाट्याचं सौंदर्य त्या घावांतच आहे : कडेला टोकदार, मधे वाटून वाटून जवळजवळ पुसलेले.

ट्रायपॉडऐवजी कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरा, तोंड बांधा आणि तिच्यात खळगा करून मोबाइल किंवा कॅमेरा रुतवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाच हात हलतो. कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८; आकडा मोठा तसं छिद्र लहान. मग शटर अर्धा सेकंद लागला तरी बिघडत नाही. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, तिथे बारीक तपशील पुन्हा मऊ होतो.

दार एकच उघडं ठेवा, पाटा त्याच्या बाजूला आडवा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर एका बाजूला पिवळट-हिरवट झाक येते. उजेडाच्या समोरच्या बाजूला दीड-दोन फुटांवर पांढरा दुपट्टा ताणून धरा, सावली उघडेल. त्याहून जवळ आणलात तर घाव पुन्हा सपाट होतील.

प्रश्न : वस्तू झाडून-पुसून, नीट मांडून फोटो काढावा की आहे तशी? (वाचक, तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : कालपरवा उडून आलेली गुटख्याची पुडी उचला, बाकी हात लावू नका. चाकाच्या तुंब्याभोवती, म्हणजे आरे बसतात त्या मधल्या लाकडाभोवती, वंगण आणि धुळीचं जे काळं कडं जमतं, ते पुसलं की चाक कधी चाललंच नव्हतं असं दिसतं.

मागे पसारा असेल तर लहान वस्तू सारवलेल्या भुईवर ठेवा. तो मातकट रंग लोखंडालाही शोभतो, पितळेलाही. वॉकर इव्हान्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५५ साली ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी पकड, करणी, पाना अशी साधी हत्यारं काढली, तीही कोऱ्या पार्श्वभूमीवर एकेकटी. बारदाना मात्र टाळा, त्याची वीण वस्तूशी भांडते.

कवेलूंच्या ढिगात किंवा जुन्या लाकडांत हात घालण्याआधी काठीने हलवा, विंचू असतात. घरधन्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नका, आणि फोटो त्याला दाखवा. आधी वस्तू जिथे आहे तिथला एक मोठा फोटो घ्या, मग जवळचे. भागांची नावं घरधन्याच्याच तोंडची लिहून घ्या; पुढच्या तालुक्यात त्याच खुंटीला दुसरं नाव असतं.