टोमॅटोवर कोणत्या देशाचं नाव?

प्रश्न : मॅडम, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोरोक्कोच्या दक्षिणेला असलेल्या पश्चिम सहारा या जुन्या स्पॅनिश वसाहतीबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७५ सालीच मत दिलं होतं. सुमारे पन्नास वर्षं झाली, तरी तिथे ताबा मोरोक्कोचाच आहे. मग हा विषय आम्ही शिकायचा कशासाठी, नुसत्या मार्कांसाठी?

उत्तर : मार्कांसाठी शिकलात तरी माझी तक्रार नाही, मीही सुरुवात तशीच केली होती. पण न्यायालयाला विचारलं काय होतं, ते आधी बघा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलं होतं की स्पेनने वसाहत केली तेव्हा हा प्रदेश कुणाचाच नव्हता का, आणि नसेल तसं, तर मोरोक्को नि मॉरिटानियाशी त्याचे कोणते कायदेशीर संबंध होते. १६ ऑक्टोबर १९७५ ला उत्तर आलं. प्रदेश बेवारस नव्हता. काही टोळ्या मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा बाळगून होत्या, हेही खरं. पण निष्ठा म्हणजे सार्वभौमत्व नव्हे, आणि तिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क हिरावला जाईल असा एकही संबंध न्यायालयाला सापडला नाही.

मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी त्यातलं निष्ठेचं वाक्य तेवढं उचललं आणि त्याच दिवशी ‘हरित मोर्चा’ जाहीर केला. ६ नोव्हेंबरला सुमारे साडेतीन लाख नि:शस्त्र माणसं मोरोक्कोतून पश्चिम सहाराची सीमा ओलांडू लागली. निकालपत्र अर्धं वाचायची खोड वकिलांनाच असते असं नाही!

पुढचं थोडक्यात सांगते. स्पेनने १९७६ च्या फेब्रुवारीत काढता पाय घेतला, पोलिसारिओने, म्हणजे तिथल्या सहरावी लोकांच्या स्वातंत्र्य चळवळीने, लढा सुरू ठेवला, मॉरिटानिया आपल्या वाट्याच्या भागातून १९७९ मध्ये बाहेर पडला. मोरोक्कोने वाळवंटात सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळूची तटबंदी उभी केली. १९९१ मध्ये युद्धविराम झाला आणि सार्वमत घ्यायला संयुक्त राष्ट्रांचं पथक आलं. मतदार कोण, या एकाच प्रश्नावर ते सार्वमत बुडालं. पोलिसारिओ १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेला धरून बसला, मोरोक्कोला यादी कितीतरी मोठी हवी होती, आणि अपिलांचा ढीग लाखाच्या वर गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धविरामही मोडला. अल्जीरियात तिंदूफजवळच्या छावण्यांत निर्वासितांची तिसरी पिढी वाढते आहे. इथवर तुमचा वैताग मला मान्य आहे.

आता मोरोक्कोच्या हातात काय आहे ते पाहा. ताबा आहे, मालकी नाही. हा फरक वर्गात कोरडा वाटतो, बंदरात वाटत नाही. मे २०१७ मध्ये पश्चिम सहारातल्या बू क्राच्या खाणीतलं सुमारे ५०,००० टन फॉस्फेट न्यूझीलंडकडे नेणारं एक जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथला थांबलं आणि तिथल्या न्यायालयाने ते अडकवून ठेवलं. विकणाऱ्याला तो माल विकायचा अधिकार होता का, एवढाच सवाल होता. पुढच्या वर्षी निकाल पोलिसारिओच्या बाजूने लागला. (त्याच सुमाराला पनामातल्या न्यायालयाने तसंच दुसरं जहाज सोडून दिलं. कायदा सगळीकडे सारखाच चावत नाही, हेही वहीत लिहून ठेवा.)

माझं आवडतं उदाहरण मात्र टोमॅटोचं. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटलं की पश्चिम सहारातल्या खरबुजांवर आणि टोमॅटोवर ‘मोरोक्को’ लिहिणं ग्राहकाची दिशाभूल आहे, तिथे ‘पश्चिम सहारा’च लिहिलं पाहिजे. त्याच दिवशी मोरोक्कोसोबतचे व्यापाराचे आणि मासेमारीचे करार या प्रदेशाला लावण्याचे निर्णयही बेकायदा ठरवले. कारण? करार दोघांत होतो, तो तिसऱ्याच्या माथी त्याच्या संमतीवाचून मारता येत नाही; आणि इथे तिसरा म्हणजे सहरावी लोक. युरोपीय आयोगाचं म्हणणं होतं की आम्ही स्थानिकांशी सल्लामसलत केली. त्यावर न्यायालय म्हणालं की आज तिथे राहणारी ‘लोकसंख्या’ आणि स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले ‘लोक’ एकच नव्हेत, त्या लोकांपैकी बरेचसे तर प्रदेशाबाहेर आहेत. हा युक्तिवाद १९७५ च्या त्याच कागदावर उभा आहे. तो नसता, तर पन्नास वर्षांचा ताबा एव्हाना सगळ्यांनी मालकी म्हणून मुकाट्याने नोंदवून घेतला असता. छावणीतल्या बाईला टोमॅटोवरच्या चिठ्ठीने घर मिळालेलं नाही, हे मी विसरलेली नाही.

प्रश्न : भारताची भूमिका काय?

उत्तर : भारताने १९८५ साली पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० साली ती काढून घेतली. मान्यता द्यायची की नाही, हा सरकारचा राजकीय निर्णय असतो. ती काढल्याने मोरोक्कोचं सार्वभौमत्व आपोआप मान्य झालं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. मी त्याचे दोन मार्क कापत असे.