खुनाच्या अपिलात जेलमधल्या कैद्यांच्या साक्षीवर वाद कसा घालायचा?

तुमच्या प्रश्नातली हकीकत एवढी: जळगाव जिल्ह्यातला खून, बघणारा कुणी नाही, तुमच्या चुलतभावाला जन्मठेप. निकालात सगळ्यात जास्त वजन दोन कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे स्वतःचा खटला अजून चालू असलेल्यांच्या, साक्षीला. ‘बराकीत त्याने आमच्याजवळ कबूल केलं’ असं दोघंही सांगतात. तुम्ही विचारता, चोरी-दरोड्यातल्या आरोपींवर कोर्टाने विश्वास ठेवलाच कसा आणि अपिलात हे कसं मांडायचं?

आधी एक नावडती गोष्ट. ‘साक्षीदार स्वतःच गुन्हेगार आहे’ हा तुमच्याकडचा सगळ्यात कच्चा मुद्दा आहे. पुरावा कायद्याच्या कलम 118 प्रमाणे (नव्या साक्ष अधिनियमात 124) प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारा कुणीही माणूस साक्षीदार होऊ शकतो, कैदीसुद्धा. त्याची जुनी शिक्षा उलटतपासात विचारता येते, नाकारली तर निकालाची नक्कल आणून सिद्धही करता येते. पण तेवढ्याने साक्ष पडत नाही. जेलमध्येच खून झाला असता तर साक्षीदार कैदीच असणार, दुसरं कोण असणार? म्हणून खंडपीठापुढे माणसाच्या चारित्र्यापेक्षा तारखा, शब्द आणि रजिस्टरं यांवर बोलायचं.

पहिली तारीख कबुलीची. त्या दिवशी तुमचा भाऊ पी.सी.आर.मध्ये (पोलीस कोठडीत) होता की एम.सी.आर.मध्ये (न्यायालयीन कोठडीत)? पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुली, मॅजिस्ट्रेट समोर नसेल तर, जुन्या कलम 26 प्रमाणे (आता 23(2)) आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. ती पोलिसाजवळ दिली की लॉकअपमधल्या शेजाऱ्याजवळ, याने फरक पडत नाही. न्यायालयीन कोठडीत, म्हणजे जेलमध्ये, हा अडसर नाही. म्हणून साक्षीदार ‘जेलमध्ये’ म्हणतो तेव्हा रिमांडच्या कागदांशी दिवस ताडून बघा. एम.सी.आर.चा आदेश संध्याकाळी उशिरा झाला तर ती रात्र माणसाने लॉकअपमध्येच काढलेली असू शकते. जेलच्या दाखल रजिस्टरमध्ये तो कधी आला ते लिहिलेलं असतं. साक्षीदाराने सांगितलेली रात्र नेमकी तीच निघाली, तर ती कबुली पुराव्यात येतच नाही. मग विश्वासार्हतेपर्यंत जायचीही गरज उरत नाही.

दुसरं, दोघं खरंच एकत्र होते का? जेलमध्ये रोज गिनती होते, बराक बदलली की नोंद होते, प्रत्येक कैद्याचं हिस्ट्री तिकीट, म्हणजे त्याच्या नोंदींचा कागद, असतो. गर्दी झाली की कैदी दुसऱ्या जेलला वर्ग होतात, कधी धुळ्याला, कधी नाशिकरोडला. साक्षीदार ‘दिवाळीच्या आसपास’ म्हणतो आणि रजिस्टरप्रमाणे तो तेव्हा दुसऱ्या बराकीत किंवा दुसऱ्या गावी आहे, असं निघालं तर त्या साक्षीत राहिलं काय? पण हे रेकॉर्ड सत्र न्यायालयातच मागवायला हवं होतं. तिथे मागवलं नसेल तर अपिलात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 391 खाली (नव्या संहितेत, म्हणजे बी.एन.एस.एस.मध्ये, 432) जादा पुराव्याचा अर्ज द्यावा लागतो. कोर्ट पहिला प्रश्न विचारणार, ‘खाली का मागवलं नाही?’ याचं पटेल असं उत्तर अर्जातच हवं. उशीरही करू नका. जुनी रजिस्टरं मुदत संपली की नष्ट होतात.

आता शब्द, कारण खानदेशातल्या खटल्यांत घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. सर्वोच्च न्यायालयाने हेरंब ब्रह्मा वि. आसाम राज्य (1982) मध्ये न्यायबाह्य कबुलीला (कोर्टाबाहेर कुणाजवळ तरी दिलेल्या) तीन प्रश्न लावले: आरोपीचे नेमके शब्द काय होते, कबुली देण्याचं कारण काय, आणि विश्वास टाकायला हाच माणूस का निवडला. बराकीत बोलणं अहिराणीत होतं. तिथे कुणी ‘मी त्याले मारं’ म्हणाला तर त्याचा अर्थ मी त्याला मारहाण केली असाही होतो. जीव घेतला म्हणायचं असेल तर ‘मारी टाकं’ म्हणतात. हवालदार जबाब प्रमाण मराठीत लिहितो, तिथे ‘मी त्याचा खून केला’ होतं. पेपर बुकातल्या (अपिलासाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचातल्या) इंग्रजी भाषांतरात तर थेट ठार मारल्याचा शब्द येतो. तीन पायऱ्यांत मारहाणीचा खून झाला! म्हणून भाषांतरावर विसंबू नका, मूळ साक्षीची मराठी प्रत घ्या. साक्षीदाराने आरोपीचे शब्द जसेच्या तसे सांगितले की फक्त ‘खून केल्याचं सांगितलं’ असा सारांश दिला, ते बघा. सारांश असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही. यावल-रावेरकडे लेवा बोली, नंदुरबारच्या डोंगरात भिलोरी किंवा पावरी असेल तर हाच मुद्दा आणखी धारदार होतो.

‘हाच माणूस का’ हा प्रश्नही सोडू नका. गावचा, नात्यातला किंवा आधीपासून ओळखीचा माणूस असेल तर मन मोकळं करणं पटतं. आठ दिवसांपूर्वी शेजारी आलेल्या अनोळखी कैद्याजवळ कुणी खुनाची कबुली का देईल? साक्षीत याचं उत्तर नसेल तर ती पोकळी खंडपीठाला दाखवायची.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं: साक्षीदाराने सांगितलेलं त्याला दुसरीकडून कळू शकत होतं का? दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते आणि ती बराकीत त्याच्या पिशवीत असते. वाचता न येणारा आरोपी ती शेजाऱ्याकडून वाचून घेतो, वाचता येणारा दहा जणांना दाखवून सल्ला विचारतो. त्यात पंचनामा असतो, शवविच्छेदनाचा अहवाल असतो, हत्याराचं वर्णन असतं. म्हणून प्रत मिळाल्याची तारीख रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, शोधा. कैद्याचा जबाब त्यानंतरचा असेल, आणि त्यातला प्रत्येक तपशील दोषारोपपत्रात आधीच असेल, तर त्याने बराकीत ऐकलं की कागदावरून उचललं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पेपरात छापून आलेल्या बातम्याही याच हिशेबात धरा.

याची उलटी बाजू तुमच्या विरोधात जाऊ शकते, तीही नीट तपासा. समजा साक्षीदाराने सांगितलं की कुऱ्हाड केळीच्या मळ्यातल्या विहिरीत टाकली. जबाबानंतर पोलिसांनी विहीर उपसली, कुऱ्हाड निघाली, आधी कुणाला ठाऊक नव्हतं. असं असेल तर सरकार पक्षाची बाजू भक्कम आहे, साक्षीदार कितीही बदनाम असो. मात्र कुऱ्हाड आधी जप्त झाली आणि जबाब नंतर लिहिला गेला, तर त्या तपशिलाची किंमत शून्य. सगळा खेळ जप्ती पंचनामा आणि जबाब यांच्या क्रमाचा आहे.

पोलिसांपर्यंत ही गोष्ट पोहोचली कशी, हे अनेक जण बघतच नाहीत. न्यायालयीन कोठडीतल्या कैद्याचा जबाब घ्यायचा तर तपासी अंमलदाराला कोर्टाची परवानगी लागते, आणि जेलच्या गेटवर त्याची नोंद होते. परवानगीचा अर्ज नाही, गेट रजिस्टरला त्या दिवशी त्याचं नाव नाही, तरी जबाबावर तीच तारीख आहे. मग जबाब लिहिला कुठे? कैद्याने स्वतःहून अर्ज पाठवला असं सांगत असतील तर जेलच्या जावक रजिस्टरमध्ये तो असायला हवा. आणि वेळ: तपास अडकलेला असताना, किंवा दोषारोपपत्र गेल्यावर पुरवणी दोषारोपपत्रासोबत हे साक्षीदार उगवले असतील, तर तेवढा उशीर का, याचं उत्तर सरकार पक्षाने द्यायचं आहे. दोघांचे जबाब शेजारी ठेवून वाचा. वाक्यं आणि शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सारख्या असतील तर दोन साक्षीदार नाहीत, एकच कागद दोनदा लिहिलाय.

बदल्यात काय मिळालं, हे साक्षीदाराच्या स्वतःच्या खटल्यात दिसतं. सी.एन.आर. (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकला की ई-कोर्ट्सवर त्याच्या तारखा आणि बरेचसे आदेश बघायला मिळतात. जबाबानंतर थोड्याच दिवसांत जामीन, त्याला सरकारी वकिलांची हरकत नाही, एखादं कलम वगळलं गेलं, अशा गोष्टी टिपा. पण ‘लाच दिली’ असा मोघम आरोप करू नका. आदेशाची प्रमाणित नक्कल आणि दोन तारखांमधलं अंतर, एवढंच ठेवा. साक्षीदार जेलमध्ये पहाऱ्यावर नेमलेला पक्का (शिक्षा झालेला) कैदी असेल तर आणखी एक धागा मिळतो: 1894 च्या कारागृह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अधिकारी म्हणून नेमलेला कैदी लोकसेवक समजला जातो. मग त्याच्यापुढची कबुली आमिष किंवा धाकाखाली होती का, हा प्रश्न पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 24 खाली (आता 22) मांडता येतो. माफीचा साक्षीदार मात्र पूर्ण वेगळा प्रकार. तो गुन्ह्यातच सामील असतो आणि त्याला वेगळे निकष लागतात. दोन्हींची गल्लत करू नका.

अपिलात एक गोष्ट मात्र हात बांधते. साक्षीतला फरक किंवा ओमिशन खालच्या कोर्टात रीतसर सिद्ध झालेलं असलं तरच उपयोग होतो. पोलीस जबाबातला तो भाग साक्षीदाराला दाखवून, ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून, नंतर तपासी अंमलदाराकडून शाबित करून घ्यावा लागतो. जबाबात नसलेली मोठी गोष्ट साक्षीदाराने कोर्टात पहिल्यांदा सांगितली तर ते ओमिशन, आणि तेही तपासी अंमलदाराला विचारावं लागतं. उलटतपासात हे राहिलं असेल तर जबाबाचा कागद हातात धरून खंडपीठापुढे फार काही करता येत नाही. म्हणून आधी दोघांचे उलटतपास आणि तपासी अंमलदाराची साक्ष वाचा, मगच मुद्दे ठरवा. सत्र न्यायाधीशांनी साक्षीदाराच्या हावभावाबद्दल काही शेरा लिहिला असेल तर तोही बघा. वरचं कोर्ट साक्षीदाराला डोळ्यांनी बघत नाही, म्हणून त्या शेऱ्याला मान देतं.

सरकार पक्ष म्हणेल, साक्षीदारांची संख्या महत्त्वाची नाही, दर्जा महत्त्वाचा. बरोबर आहे, वडिवेलु तेवर (1957) मध्ये तेच सांगितलंय. पण त्याच निकालात साक्षीदारांचे तीन प्रकार आहेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. मधल्याला दुसरीकडून बळकटी लागते. दोन मधले साक्षीदार एकमेकांना बळकटी देतात का? माझ्या मते नाही, दोघांचा उगम एकाच बराकीत असेल तर मुळीच नाही. बळकटी बाहेरून यायला हवी: रक्ताचा डाग, मोबाइलचं लोकेशन, शेवटचं एकत्र पाहणारा माणूस.

आता निकालाची प्रत घ्या आणि कैद्यांच्या साक्षीचे परिच्छेद पेन्सिलीने खोडून बाकीचं वाचा. शरद बिर्धीचंद सारडा (1984) प्रमाणे परिस्थितीची साखळी पूर्ण हवी, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता उरता कामा नये. उरलेल्या कड्यांची साखळी होत नसेल तर अपिलाचा मुख्य मुद्दा तोच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 च्या (आता 351), म्हणजे कोर्टाने आरोपीला विचारलेल्या प्रश्नांच्या, जबाबात ही कबुली भावाला विचारली होती का, हेही बघा. विचारली नसेल आणि त्यामुळे त्याची बाजू मांडायची राहिली असेल, तर ती वगळा असं म्हणता येतं.

त्यातला एखादा साक्षीदार आता ‘मी खोटं बोललो’ म्हणत असेल तर घाईने प्रतिज्ञापत्र करून घेऊ नका. कोर्ट अशा कागदाकडे फार संशयाने बघतं. खोट्या साक्षीचा गुन्हा त्याच्यावर येऊ शकतो, आणि तुम्ही त्याच्या घरी गेलात तर साक्षीदाराला धमकावल्याचा तुमच्यावर. जे काय ते वकिलामार्फत, जादा पुराव्याच्या अर्जाने.

मुदत: जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. जळगाव, धुळे, नंदुरबारची अपिलं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात. पैसे नसतील तर भाऊ जेलच्या अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो आणि विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. शिक्षा स्थगितीचा अर्ज सोबतच द्या.

अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट चढून वकिलाकडे जाल तेव्हा एका पानावर तारखा लिहून न्या: अटक, पी.सी.आर. संपल्याचा दिवस, जेलमध्ये दाखल, हत्यार जप्ती, दोषारोपपत्राची प्रत मिळाल्याचा दिवस, कबुलीचा सांगितलेला दिवस, दोन्ही कैद्यांचे जबाब, त्यांचे जामीन, त्यांच्या साक्षी. प्रत्येक तारखेसमोर ती कोणत्या निशाणीत (कोर्टाने क्रमांक दिलेल्या कागदात) आहे तो क्रमांक घाला. क्रमांक नसेल तिथे रिकामी जागा ठेवा, वकिलाला आधी तीच बघायची असते.